गावात ट्रॅक्टर नाही

८ नोव्हेंबर १९९४, मंगळवार

आनंद येऊन गेला. दिवाळी संपली की माझ्या भाच्याला आत्या आठवते, आणि मऊ पडलेला चिवडा घेऊन तो ठाण्याहून डोंबिवलीला येतो. यंदा चिवड्याबरोबर एक गुळगुळीत रंगीत पत्रक होतं. टिटवाळ्याहून काळू नदी ओलांडली की आमचं पळसवळ लागतं. तिथल्या माळावर कुणी बिल्डर इमारती उठवतो आहे. नाव ठेवलंय 'हार्वेस्ट मेडोज'. मी विचारलं, "मेडो म्हणजे गवताचं कुरण, हे तुझ्या बिल्डरला ठाऊक आहे का?"

"आत्या, नावाचा अर्थ कोण बघतो? कानाला बरं लागलं म्हणजे झालं."

याला इंग्रजी मी शिकवलं. माझ्याच डोळ्यांदेखत हे असं.

पण पुढचं ऐकून मी पत्रक खाली ठेवलं. फाटकाशी चौथरा बांधून त्यावर अप्पांचा ट्रॅक्टर ठेवायचा आणि खाली संगमरवरी पाटी लावायची: या भागात पहिला ट्रॅक्टर आणणारे कै. दत्तात्रय टिपणीस. अप्पांनी मागे उरलेलं सगळं माझ्या नावे केलं, त्यामुळे माझी सही हवी. आनंदला यातून काय मिळणार, हे मी विचारलं नाही. तो मला दोनदा 'आत्तू' म्हणाला, त्यावरून अंदाज आला.

सही करीन म्हटलं. अप्पांच्या नावाची पाटी कुठेच नाही. आमच्या सोसायटीच्या नळाला देखील कुणाचं तरी नाव आहे.

९ नोव्हेंबर

सकाळपासून ट्रॅक्टरच डोक्यात आहे. एकोणपन्नास साली मालगाडीतून कल्याणला उतरला, तिथून अप्पा स्वतः चालवत गावी घेऊन आले. इंग्लंडहून आलेला, करड्या रंगाचा. पेट्रोलवर सुरू करायचा आणि इंजिन तापलं की रॉकेलवर टाकायचा. बसायला भोकाभोकांची लोखंडी बैठक. उन्हात तापली की फ्रॉकमधून चटके बसायचे. मी चौदा वर्षांची होते. अप्पा हॅट घालून चालवायचे, मी चाकावरच्या पत्र्यावर बसायचे. एकदा त्यांनी मला बैठकीवर बसवून स्टिअरिंग हातात दिलं आणि मी माळावर नांगराचा एक सरळ तास काढला. त्या भागात ट्रॅक्टर चालवलेली मुलगी मी एकटीच असणार. कॉन्व्हेंटमध्ये मदर सुपीरियरला हे सांगितलं, तर तिनं माझी नखं तपासली.

हल्ली बैलांबद्दल फार गळा काढतात. काय ते सर्जा-राजा! बैल बसला की बसला. अप्पा म्हणायचे, एक यंत्र दहा बैलजोड्यांचं काम करतं आणि वैरण मागत नाही.

भातशेती म्हटली की लोकांना पाऊस आठवतो. मला ऊन आठवतं. पेरणीआधी राब जाळलेल्या जमिनीचा काळा वास, करवंदं, लग्नांचे मांडव, आणि माळावर अप्पांचा ट्रॅक्टर. मागे पळणारी पोरं. सुट्टी संपून मी हॉस्टेलला जायचे, तेव्हा अप्पा म्हणायचे, "आता पाऊस पडू दे, वासू, मग बघ याची मजा."

१३ नोव्हेंबर, रविवार

संताप संताप झाला आहे. लिहिताना अक्षर बिघडतंय.

आनंदच्या मारुतीतून गावी गेलो. वेशीवर दोन माणसं बसलेली. मी विचारलं, टिपणिसांचा ट्रॅक्टर कुठे असतो? ती एकमेकांकडे बघायला लागली. "ट्रॅक्टर? गावान ट्रॅक्टर नाय कुनाचा, बाय." पुढे विहिरीवर विचारलं, तिथेही तेच. एक बाई तर म्हणाली, "ट्रॅक्टर पायजे तर मोहन्याला जावा, तिकडं भाड्यानं भेटतंय."

मग दामाजीच्या घरी. दामाजी अप्पांच्या वेळचा गडी. कूळकायद्यात जमीन गेली, आम्ही डोंबिवलीला आलो, तरी हा दरवर्षी नवा तांदूळ घेऊन येतो. दरवर्षी मी विचारते, "ट्रॅक्टर बरा आहे ना?" आणि दरवर्षी तो म्हणतो, "बरा हाय की." म्हणजे त्याला ठाऊक असायलाच हवं.

घराला लागूनच त्याच्या मुलीची, मंजुळाची, भात भरडायची गिरण आहे. नवरा गेल्यापासून ती माहेरीच असते आणि ही गिरण चालवते. पत्र्याच्या शेडमध्ये इंजिन असं धडधडत होतं की स्वतःचा शब्द ऐकू येईना. दारात भाताची पोती घेऊन बायका बसलेल्या. मंजुळा बाहेर आली, केसांपासून पायांपर्यंत कोंड्याने माखलेली. मी ओरडले, "आधी तो आवाज बंद कर! मला महत्त्वाचं बोलायचंय."

तिनं आत जाऊन इंजिन बंद केलं. मी विचारलं, "अप्पांचा ट्रॅक्टर कुठे आहे?"

ती बापाकडे बघत राहिली. दामाजी खाटेवर बसला होता. त्यानं कानाला हात लावला. "आयकू नाय येत, बाय."

मागच्या वर्षी माझ्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत होता हा माणूस!

आनंद म्हणाला, विकला असेल भंगारात. मी म्हटलं, विकला असेल तर पोलिसांत देईन. दारातल्या बायका उठून उभ्या राहिल्या. मंजुळा चहा घेऊन आली, तो मी घेतला नाही.

१५ नोव्हेंबर

पोलीस ठाण्यासाठी तक्रारअर्ज लिहिला. दोनदा फाडला. विमा कंपनीत तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं सुधारली, पण स्वतःच्या बाबतीत वाक्य जमत नाही. 'सदर ट्रॅक्टर अखेरचा केव्हा पाहिला?' या प्रश्नाला उत्तर द्यावं लागेल. मे महिन्यात, हे नक्की. साल आठवत नाही.

त्यातून त्या गिरणीच्या आवाजानं दोन दिवस डोकं उठलंय. भांडी घासताना, पोळ्या लाटताना, तोच ठेका. तीन ठोके नीट आणि चौथा दमल्यासारखा जरा मागे. कॉन्व्हेंटमध्ये पियानो शिकवणारी सिस्टर ठेका चुकला की बोटांवर पट्टी मारायची; तेव्हापासून कुठेही ठेका चुकला की मला सहन होत नाही.

नंतर: पोळी तव्यावर करपली. तो चौथा ठोका मला ठाऊक आहे. चौदाव्या वर्षी मी त्याच्यावर बसले आहे.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

एकटीच गेले. आनंदला सांगितलं नाही. टिटवाळ्याहून रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, "गिरनीवर का?" म्हणजे त्या रस्त्याला दुसरं कुठलं ठिकाणच नाही.

शेडमध्ये शिरले. काळ्या दगडांच्या ओट्यावर तो उभा आहे. मागची मोठी चाकं नाहीत, पुढची अर्धी जमिनीत पुरलेली. कडेला पट्ट्याची पुली, तिच्यावरून जाडजूड पट्टा भरडायच्या यंत्राकडे गेलेला. करडा रंग ओळखू येईल इतकाच उरलाय. बॉनेटवर हळदकुंकू, त्यावर झेंडूची वाळलेली माळ. आणि त्या भोकाभोकांच्या बैठकीवर, माझ्या बैठकीवर, सूप आणि एक चहाचा कप.

मी म्हटलं, "ट्रॅक्टर नाही म्हणून सांगितलंत मला!"

"ही गिरन हाय, बाय," मंजुळा म्हणाली. "मी जन्मापासून हिला गिरनच आयकलंय. सगला गाव गिरनच बोलतंय. लाईट जेली की पलीकडच्या दोन गावांतून पन भात येतं इकडं."

"ती गिरण नाही, ट्रॅक्टर आहे. नांगराचा ट्रॅक्टर! माझ्या वडिलांनी याच्यावर इथली चाळीस एकर जमीन नांगरली. तुम्ही चाकं काढून त्याला खुंट्याला बांधलंत."

"कंची जमीन नांगरली?" ती एकदम म्हणाली. "पैल्याच पावसान चिखलनीला खाचरान घातला तवा रुतला तो. बैलजोऱ्या लावून गावानं भायेर काडला. मंगारी परत कवा शेतान गेलाच नाय, तुमी सुट्टीत आल्या की मालावर फिरवायचे तवराच. आप्पासायबांनीच बाबाला..."

"मंजुले! गप बस!"

दामाजी दारात उभा होता. हे मात्र त्याला ऐकू आलं. काठी टेकत आत आला. "तुना काय म्हाईत? तू जन्मली व्हतीस का? बाय, हिचं आयकू नका. आप्पासायबांचा ट्रॅक्टर लय चालला. खाचरान, मालावर, सगलीकडं. सोन्यावानी चालला. हिला कोनीतरी काय पन सांगतंय."

मंजुळा वळली. पट्टा हातानं चाचपत राहिली.

दामाजी स्वतः साक्षीला होता. मंजुळाच्या सांगण्याला काय अर्थ? गिरण हातची जाऊ नये म्हणून कुणीही काहीही बोलेल. शिवाय मी तिथे होते, मी बघितलंय. प्रत्येक सुट्टीत बघितलंय. जूनमध्ये शाळा उघडायची म्हणून मी नाइलाजानं हॉस्टेलला जायचे, तोपर्यंत तो रोज चालायचा.

हे वाक्य वर लिहिलं आणि बराच वेळ पेन तसंच हातात धरून बसले होते. शाईचा डाग पडलाय.

२५ नोव्हेंबर

आनंद बिल्डरच्या माणसाला घेऊन आला. सफारी सूट, बोटात तीन अंगठ्या. चौथऱ्याचं चित्र दाखवलं. चित्रात ट्रॅक्टर लालभडक आहे.

मी म्हटलं, "हा करडा आहे."

"मॅडम, ट्रॅक्टर म्हणजे लालच हवा. करडा ठेवला तर पब्लिकला पाण्याचा पंप वाटतो. मागची चाकं नवीन लावू, डमी. आतलं इंजिन-बिंजिन काढून टाकू, म्हणजे चौथऱ्यावर लोड नाही. ऑइल पण गळणार नाही."

"मग राहिलं काय?"

"लुक राहिला ना, मॅडम!"

पाटीचा मजकूर इंग्रजीत आहे. 'पायोनियर'च्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. मी लाल शाईनं दुरुस्त करून दिलं. चार तारखेला क्रेन आणणार आहेत. आनंद जाताना म्हणाला, "आत्तू, आजोबांना किती आनंद झाला असता!"

झाला असता का, याचा मी विचार करते आहे. अप्पा डोंबिवलीच्या गॅलरीत बसून कायम म्हणायचे, "ट्रॅक्टर दामाकडे आहे, उत्तम चाललाय." काय चाललाय, हे मी कधी विचारलं नाही. आणि गावी जाऊन बघू या म्हटलं की त्यांचे गुडघे दुखायचे.

३० नोव्हेंबर, बुधवार

मंजुळा आली होती. दामाजीला ताप आहे, म्हणून नवा तांदूळ यंदा ती घेऊन आली. खुर्ची पुढे केली तरी खाली बसली. पाणी प्यायली. भिंतीवरच्या अप्पांच्या फोटोकडे बघत होती. फोटोत हॅट आहे.

मला वाटलं, आता रडारड होईल. मी तयारी करून बसले होते. तिनं रडारड केली नाही. ती म्हणाली, "बाय, न्यायची तर न्या गिरन. तुमचीच हाय. बाबाला मातर इचारू नका."

"का? त्या दिवशी शेडमध्ये न्यायचं विचारलं, तेव्हा त्यानं तर स्वतः हो म्हटलंय."

"म्हनून तर. तो तुमाला नाय बोलूच शकत नाय."

"आणि तू काय करशील?"

"मोटर बसवीन. इजेच्या मोठ्या लाइनीसाटी नाव लावलाय."

"कधी लावलंयस?"

"लय वर्सं झाली." मग हसली. "येल. कवातरी येल."

मी तिला म्हटलं, कोंड्यात काम करतेस, नाकाला फडकं बांधत जा. ती हो म्हणाली. बांधणार नाही.

ती गेल्यावर नव्या तांदळाचा भात टाकला. दरवर्षीसारखा आजही त्याला रॉकेलचा बारीकसा वास होता. इतकी वर्षं मी दामाजीला त्यावरून बोलते, पोती कुठे ठेवतोस, स्वच्छता म्हणून काही आहे की नाही! तो मान खाली घालून ऐकतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तसाच तांदूळ आणतो.

अर्धा भात खाऊन झाल्यावर लक्षात आलं की हा वास ट्रॅक्टरचा आहे. ताट पुढे घेऊन नुसती बसले. मग सगळा संपवला. अन्न टाकण्याची सवय मला नाही.

४ डिसेंबर, रविवार

आजचं नीट, क्रमानं लिहायला हवं. आनंद उद्या फोनवर काय काय म्हणेल, त्याआधी.

क्रेन आली होती. अख्खा गाव जमला होता, पोरं तर झाडावर. शेडचे पत्रे एका बाजूनं काढून ठेवले होते. पट्टा उतरवून मंजुळानं त्याची गुंडाळी केली होती आणि ती कुशीत धरून ती कडेला उभी होती. बाकीच्या बायका तिच्या आजूबाजूला. दोघी-तिघींच्या पायाशी भाताची पोती तशीच, बांधलेली.

दामाजी तापातून उठून आला होता. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. त्यानं बॉनेटला कुंकू लावलं, नारळ फोडला. बिल्डरच्या माणसाला खोबरं दिलं आणि मोठ्या आवाजात सांगायला लागला. आप्पासायबांनी हा कसा आणला. पहिल्याच पावसात खाचरात कसा घातला, आणि तो कसा लोण्यात सुरी फिरावी तसा फिरला. बैल कसे बघत राहिले. चाळीस एकर. तालुक्यातून माणसं बघायला आली.

मागे कुणीतरी खुसकन हसलं. मग दुसरं. म्हाताऱ्या माणसांनी तोंडाला पंचे लावले. गावाला सगळं ठाऊक आहे. दामाजीलाही ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे. त्याचे कान लाल झाले, पण थांबला नाही. आणखी मोठ्यानं बोलायला लागला. बोलताना एकदा त्यानं माझ्याकडे बघितलं, मी नीट ऐकते आहे ना म्हणून.

बिल्डरचा माणूस आनंदला म्हणाला, "हे पाटीवर टाकायला पाहिजे, यार."

त्याच्या पायाशी लाल रंगाचा डबा होता. तो बघून माझं डोकं फिरलं. बाकी काही नाही. मी पुढे झाले आणि म्हटलं, "क्रेन परत न्या. हा माझ्या वडिलांचा ट्रॅक्टर नाही."

आनंद म्हणाला, "आत्या, काय बोलतेस? तूच तर..."

"मी चुकीचं ओळखलं. म्हातारी झाले. आमच्या ट्रॅक्टरला चाकं होती. ही गिरण आहे. बघ की, पुली आहे, कोंडा आहे, गिऱ्हाईकं बसली आहेत. कुणालाही विचार."

त्यानं खरोखरच विचारलं. वेशीवरच्या त्या दोन माणसांपैकी एक समोरच होता. तो शांतपणे म्हणाला, "गावान ट्रॅक्टर नाय कुनाचा."

"मग आजोबांचा ट्रॅक्टर गेला कुठे?"

मी उत्तर देणार होते, तेवढ्यात दामाजी कळवळून म्हणाला, "अवं बाय, असं काय करताव! ह्योच त्यो! आप्पासायबांचा!" तो इतका रडवेला झाला होता की मला त्याचा हात धरावा लागला. मी त्याला हळू आवाजात म्हटलं, "दामाजी, मला सगळं ठाऊक आहे. पुरे झालं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग खाली बसला, तिथेच, कोंड्यात.

सही न केलेले कागद मी आनंदला परत दिले. तो मला न घेताच निघून गेला. पट्टा परत चढवायला मंजुळाला वेळ लागला; कुणीतरी हँडल मारलं, इंजिन दोनदा खोकलं आणि चालू झालं. एवढा वेळ थांबलेल्या बायका रांगेसाठी भांडायला लागल्या. मला एकीनं कोपरानं बाजूला सारलं.

११ डिसेंबर

आनंदचा फोन परवा येऊन गेला. फाटकाशी आता सिमेंटची बैलगाडी बसवणार आहेत. बैल पांढरे, गाडी लाल. मी म्हटलं, छान.

आज दुपारी दामाजी आला. ताप उतरलाय. मंजुळा सोबत आली होती, पण ती जिन्यातच थांबली, म्हणाली, "त्याला एकट्याला बोलाचं हाय." तो खुर्चीवर बसला, जो कधी बसत नाही, आणि रागावलेला होता.

"बाय, तुमी मना सगल्या गावापुडं खोटा पारला."

"तुम्ही खोटं बोलत होतात, दामाजी."

"ते वेगलं." त्यानं अप्पांच्या फोटोकडे बोट केलं. "मी त्यांना शबूद दिलेला. ट्रॅक्टर भायेर काडल्यावर बांधावर बसले, बूट हातान. बोलले, दामा, तुना ठेव ह्यो, काय करायचा तो कर. पन वासूला कलता कामा नये. ती शालंत पोरींना सांगतंय." त्यानं बोट खाली घेतलं. "मी कंदी बोललो नाय. कंदी. ती मंजुली बोलली."

मी उठून चहा टाकला. हॉस्टेलमध्ये मी खरंच सगळ्यांना सांगत असे, आणि घरच्या पत्रात तसं लिहीतही असे. अप्पा उलट टपाली लिहायचे, पाऊस उत्तम, ट्रॅक्टर उत्तम.

चहा दिला. मी म्हटलं, "आता मला कळलंच आहे, तर नीट सांगा. कसा रुतला?"

"कशाला, बाय?"

"मी कधी पावसात तिथे नव्हते. मला बघायचंय."

त्यानं फोटोकडे बघितलं, जणू परवानगी हवी होती. मग कप खाली ठेवला. "पानी इथवर," त्यानं गुडघ्याला हात लावला. "गाव सगला बांधावर. आमी सांगतंव, सायेब, नका, ह्यो जड हाय. त्ये बोलले, तुमी बैलवाले, तुमाला काय कलतंय. आन् हॅट घातली..." इथे त्याला हसू आलं. त्यानं तोंडावर हात धरला, पुन्हा सुरू केलं, "आन् हॅट घातली, आन् गिअर टाकला..." आणि पुढे त्याला बोलताच येईना. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, हाताने तो फक्त दाखवत होता, ट्रॅक्टर खाली, खाली, खाली, आणि वर हॅट. इतक्या वर्षांचं हसू होतं ते, लवकर संपेना. जिन्यातून मंजुळा धावत वर आली, काय झालं म्हणून.

मी म्हटलं, "काही झालं नाही. बस तूही. अजून बैल यायचेत."